खालच्या सहा ओळी

माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची आणि माझ्या हाताला दया नाही असं ऑफिसातले म्हणायचे. दोघांचंही खरं होतं. तीस वर्षं मी एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. म्हणजे बातमीदार लिहून आणणार आणि ते पानात मावेपर्यंत मी कापणार. मला सगळे कात्रीबाई म्हणत. आधी पाठीमागे, मग तोंडावर, आणि निवृत्तीच्या दिवशी तर मेल्यांनी एक खरीखुरी कात्रीच दिली, लाल रिबीन बांधून. ती अजून स्वयंपाकघरात आहे. दुधाच्या पिशव्या कापायला बरी पडते.

निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत हात शिवशिवायला लागले. कापायला दुसरं काही नाही म्हणून नवऱ्याची वाक्यं कापायला लागले. ते बिचारे सुरू करायचे, "काल मी बाजारात गेलो होतो, तर तिथे..." आणि मी म्हणायचे, "मुद्द्यावर या." शेवटी त्यांनीच मला तो ऑनलाइन ज्ञानकोश दाखवला. "इथे लोक फुकट लिहितात आणि लोकच फुकट कापतात," ते म्हणाले. "तू जा तिकडे. मला वाचव."

तिथलं काम थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्ञानकोशात कोणीही कोणाचीही नोंद लिहू शकतो. ती राहावी की नाही याला मात्र कसोटी आहे. त्या माणसाशी काही संबंध नसलेल्या कोणीतरी, छापील मजकुरात, त्याचं नाव घेऊन लिहिलेलं हवं. लेकीने केलेलं कौतुक चालत नाही, शेजाऱ्याची आठवण चालत नाही, आणि 'मला स्वतःला माहीत आहे' हे तर मुळीच चालत नाही. कोणाला शंका आली की नोंदीवर पाटी लावायची. मग सात दिवस चर्चा. लोक 'ठेवा' किंवा 'काढा' लिहितात, कारण देतात, आठव्या दिवशी निकाल. पाच वर्षांत मी किती पाट्या लावल्या याची गणती नाही. 'संदर्भ नाही' हे दोन शब्द माझी बोटं आपोआप टाइप करायची. नवे लोक घाबरत मला. त्यातल्या काहींना हाताखाली घेऊन शिकवलंही. एक दाताचा डॉक्टर तर माझा पट्टशिष्य. पेशंट तोंड उघडून बसलेला असतानाही तो एखादं वाक्य उडवत असेल असा माझा संशय आहे.

आमचे हे म्हणायचे, "घरात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस."

मी म्हणायचे, "कोणीतरी हाकायला हव्यात ना. नाहीतर शेत खाऊन टाकतील."

अशाच एका सोमवारी ती नोंद माझ्यासमोर आली. एका रुग्णालयाच्या रक्तपेढीतले भांडारपाल, वय साठला टेकलेलं. त्यांनी म्हणे 'रांग' नावाचा प्रोग्रॅम लिहिला होता. रक्ताची पिशवी पस्तीस दिवस टिकते. पूर्वी नवी पिशवी आली की ती फ्रिजमध्ये पुढे ठेवली जायची, घाईत तीच उचलली जायची, आणि मागे राहिलेल्या पिशव्या मुदत संपून फेकाव्या लागायच्या. 'रांग' सांगतो की कुठली पिशवी आधी द्यायची, आणि एखादी पडून राहणार असं दिसलं तर आसपासच्या कुठल्या रुग्णालयाला ती उपयोगी पडेल तेही सांगतो. भांडारपालांनी तो फुकट वाटला. आज शेकडो रक्तपेढ्यांत, कितीतरी देशांत तो चालतो. असं सगळं नोंदीत लिहिलं होतं. भाषा अशी, की लेकीने लिहिलंय हे आंधळ्यालाही दिसावं. 'त्यांच्या चेहऱ्यावर कायम हास्य असते' असं ज्ञानकोशात कोण लिहितं?

प्रोग्रॅम खरा होता. तो मी शोधला, सापडला, लोक वापरतात हेही दिसलं. पण त्यात कुठेही लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. नोंदीखाली संदर्भ शून्य. मी पाटी लावली आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी लेकीचं उत्तर आलं. शाळेत शिकवते ती. लिहिलं होतं, 'हो, मी त्यांची मुलगी आहे, लपवत नाही. बाबा या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होताहेत. त्यांचं नाव आजवर कुठेच आलं नाही म्हणून मी लिहिलं. कृपा करून राहू द्या.'

मी उत्तर ठोकलं: 'रुग्णालयाचं भांडार सांभाळणारा प्रत्येक माणूस उल्लेखनीय नसतो. प्रोग्रॅम याच माणसाने लिहिला याला पुरावा काय? निवृत्तीच्या दिवशी द्यायला पुष्पगुच्छ मिळतात. ज्ञानकोश हे त्याचं दुकान नव्हे.' आणि वर हे मोठ्याने वाचूनही दाखवलं, नाश्ता करताना. माझी मलाच गंमत वाटत होती. यांना हसू आलं नाही.

"लेक आहे गं ती," ते म्हणाले.

"म्हणूनच," मी म्हटलं.

बुधवारी तिने एक कात्रण चढवलं. सोबत लिहिलं होतं ते असं. तेवीस वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्रात 'रांग'ची बातमी आली होती. बातमीदाराने बाबांना सांगितलं होतं, उद्या तुमचं नाव छापून येणार. बाबांनी सकाळी बारा अंक विकत घेतले आणि उघडूनही न बघता सासरी नेऊन वाटले. आजोबांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. नाव नाही. 'रुग्णालयाच्या सूत्रांनी सांगितले' एवढंच. मामा म्हणाला, "वा! आमचे भावोजी सूत्र झाले." तेव्हापासून घरात त्यांचं नाव सूत्र. भाचरं सूत्रकाका म्हणायला लागली, आता तर दवाखान्यातलेही म्हणतात. 'मामा तेवीस वर्षांत थांबलेला नाही,' तिने लिहिलं होतं. 'निरोपाच्या जेवणाला तो येणार. तेव्हा मला ही नोंद मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. बातमीत नाव नाही हे मला माहीत आहे. पण हे सगळं घडलं होतं एवढं तरी बघा.'

मी कात्रण उघडलं. उघडलं ते त्यात आणखी दोन चुका शोधायलाच, खोटं कशाला बोलू. मथळा होता: 'आधी जुनी, मग नवी, रक्तपेढीची नवी शिस्त'.

तो मथळा माझा होता.

असे हजारो मथळे दिले मी आणि हजारो विसरले. हा विसरले नव्हते, कारण त्या बातमीवरून दुसऱ्या दिवशी भांडण झालं होतं. काय झालं ते सांगते. बातमी तळातून कापायची असते, हा आमच्या धंद्याचा नियम. महत्त्वाचं ते वर, बिनमहत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली की डोळे मिटून खालच्या ओळी उडवता येतात. त्या दिवशी पान छापायला जायला दहा मिनिटं होती आणि वरून जाहिरात आली. सहा ओळींची जागा हवी होती. रक्तपेढीची बातमी त्या पानावर सगळ्यात अशक्त. मी खालच्या सहा ओळी कापल्या.

पण डोळे मिटून नाही कापल्या. वाचल्या आणि कापल्या. त्या ओळींत रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर बोलत होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "मी फक्त फ्रिजचं दार उघडते. आत काय आहे, कुठलं कधी आणि कोणाला, हे सगळं आमच्या भांडारपालांचं डोकं आहे. त्यांचं नाव मोठ्या अक्षरात छापा." पुढे नाव, आडनावासकट. आणि मला राग आला तो त्या 'मोठ्या अक्षरात'चा. म्हटलं, घ्या! आता डॉक्टरीणबाई आम्हाला अक्षराचा आकार शिकवणार. नाव वरच्या ओळीत घ्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. 'सूत्रांनी' हा एक शब्द खोडून तिथे नाव टाकायचं. नाही टाकलं. दुसऱ्या दिवशी बातमीदार माझ्या टेबलाशी येऊन तणतणला की बातमीचा जीवच कापलात. मी म्हटलं, "जीव होता तर तळाला कशाला ठेवलास?" सगळे हसले. मीही हसले.

आता उरलेली बातमी वाचली. वर होतं: 'प्रमुख डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली ही पद्धत सुरू झाली, असे रुग्णालयाच्या सूत्रांनी सांगितले.' बस. ज्या बाईने सगळं श्रेय दुसऱ्याला दिलं होतं, तिच्याच पदरात मी ते सगळं टाकून ठेवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. मी त्या डॉक्टरांची नोंद शोधली. होती. नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या. नोंदीत लिहिलं होतं, 'रक्तपिशव्यांची "रांग" ही पद्धत त्यांनी निर्माण केली,' आणि त्याला संदर्भ होता त्याच बातमीचा. तीन वर्षांपूर्वी त्या नोंदीवरही चर्चा झाली होती. चर्चेत 'ठेवा' म्हणणारी पहिली मी. कात्रण उघडूनही पाहिलं नव्हतं. वर्तमानपत्राचं नाव बघितलं आणि लिहिलं, 'हे वृत्तपत्र विश्वासार्ह आहे, मी स्वतः जाणते.'

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पित्त झालंय. नवरा चाळीस वर्षांचा जुना, त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

गुरुवारी त्या बातमीदाराला फोन केला. तो आता जाहिरातींचं काम करतो. म्हटलं, ती मूळ प्रत असेल का रे? तो म्हणाला, "कुठली बातमी, कात्रीबाई?" भांडणही त्याला आठवत नव्हतं. शुक्रवारी माझ्या जुन्या वर्तमानपत्राच्या संपादकाला गाठलं. माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हटलं, एक दुरुस्ती छाप, तेवीस वर्षांपूर्वीच्या बातमीची. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "ताई," तो म्हणाला, "छापलेलं चुकलं तर दुरुस्ती. न छापलेल्याची दुरुस्ती नसते. हे मला कोणी शिकवलं?" मी फोन ठेवला.

म्हणजे आता त्या सहा ओळी जगात एकाच ठिकाणी होत्या, माझ्या डोक्यात. आणि माझं डोकं हा संदर्भ नव्हे. हा नियम मी इतक्यांच्या तोंडावर मारला होता की आता तो माझ्याच तोंडावर बसला.

शनिवारी सकाळी यांना सांगितलं सगळं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग जा ना. त्या माणसाला भेट."

"काय सांगू जाऊन?"

"मुद्द्याचं," ते म्हणाले. मला माझंच औषध.

रक्तपेढी तळमजल्यावर होती, एक्स-रेच्या खोलीला लागून. भिंतीत एक खिडकी, खिडकीला लाकडी फळी, कोपर टेकून टेकून मधे गुळगुळीत झालेली. आत चार फ्रिज, एक टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर. पडद्यावर आकड्यांची यादी, वरच्या तीन ओळी लाल. खिडकीत एक बारीकसा माणूस बसला होता, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, नाकाच्या टोकाला चष्मा. चेहऱ्यावर हास्य होतं. म्हणजे लेकीने तेवढं खरं लिहिलं होतं.

एक नर्स घाईघाईने आली. "सूत्रकाका, दोन द्या. ताजी द्या हं, डॉक्टरांनी ताजी सांगितलीय."

"डॉक्टरांनी रक्त सांगितलंय," ते कागद बघत म्हणाले. "ताजी तू सांगतेयस." आणि पडद्यावरचा आकडा वाचून त्यांनी फ्रिजमधून नेमक्या दोन पिशव्या काढल्या, नंबर दोनदा ताडून पाहिले, सही घेतली. नर्स हसत गेली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बोला ताई. गट कुठला? पेशंट कोण?"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "पेशंट नाही. तेवीस वर्षांपूर्वी तुमच्या बातमीतून तुमचं नाव मी कापलं. आणि सोमवारी तुमच्या नोंदीवर पाटी लावली तीही मीच."

"दोन्ही वेळा तुम्हीच?"

"हो."

"बसा," ते म्हणाले. "मला या चार पिशव्यांची नोंद करायचीय. रक्त थांबत नाही."

मी बाकावर बसले. वीस मिनिटं बसवलं त्यांनी. मुद्दाम नाही, काम होतं. मग खिडकी एका सहकाऱ्यावर सोपवून मला मागच्या खोलीत नेलं. दोन स्टूल, एक थर्मास. एका स्टुलावर जाड फाइल ठेवली होती, ती उचलायला त्यांना जरा वेळ लागला. थर्मासमधला चहा दोन पेल्यांत ओतला आणि त्यांनी विचारलं ते मला अजिबात अपेक्षित नव्हतं.

"मोठ्या बाईंनी फोन केला होता ना तुमच्या ऑफिसात? नाव काढा म्हणून?"

मोठ्या बाई म्हणजे त्या डॉक्टर. सगळे तसंच म्हणायचे त्यांना.

"कोणीही फोन केला नव्हता," मी म्हटलं. "जाहिरात आली. जागा हवी होती. मी कापलं."

"फोन नव्हता?"

"नव्हता."

"मग त्या ओळींत काय होतं?"

मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला. फ्रिजचं दार, भांडारपालांचं डोकं, नाव मोठ्या अक्षरात छापा. संपल्यावर ते म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं.

ते उठले आणि थर्मासचं झाकण घट्ट बसवत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

"हा कॉम्प्युटर त्यांनी मिळवून दिला होता," ते म्हणाले. "कचऱ्यात निघाला होता, भांडून आणला. प्रोग्रॅम लिहायचं पुस्तक पण त्यांनीच आणलं. मी भांडारातला माणूस, मला काय येत होतं? रोज चारला त्या इथे यायच्या, या स्टुलावर बसायच्या, म्हणायच्या, काय लेखक, आज किती ओळी झाल्या? रोज. दीड वर्षं. बातमी आली त्या दिवशी सासऱ्यांनी अंक घडी करून परत दिला मला. काही बोलले नाहीत. मेहुणा बोलला तो वेगळा. मी म्हटलं, बाईंनी दगा दिला. नाव स्वतःकडे घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चारला मी बाहेर जायला लागलो. प्रोग्रॅममधलं माझं नावही काढून टाकलं. म्हटलं, ज्यांचं छापलंय त्यांचंच असू दे."

म्हणजे प्रोग्रॅममध्ये नाव नव्हतं ते यामुळे. तेही मीच.

"त्यांनी विचारलं नाही कधी?" मी म्हटलं.

"एकदा विचारलं. काय झालं, माझं काही चुकलं का? मी म्हटलं, काही नाही मॅडम. तोवर कधी मॅडम म्हटलं नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "चौदा वर्षं आम्ही कामापुरतं बोललो. पिशवी, नंबर, सही. शेवटी त्या इथेच भरती होत्या. रक्त लागायचं त्यांना, दर चार दिवसांनी. पिशवी मीच काढून द्यायचो, नीट बघून, दोनदा ताडून. वर गेलो नाही. नर्स म्हणायची, काका, बाई तुमची चौकशी करतात. तिसऱ्या मजल्यावर होत्या. लिफ्ट चालू होती."

मी माफी मागितली. माफी मागताना लक्षात आलं की मी चुकीच्या गोष्टीची माफी मागायला आले होते. मी आले होते एका नावासाठी. या माणसाची चौदा वर्षं गेली होती, आणि त्या बाईंचीही. कसलंही पाप न करता ती बाई वर पडून 'माझं काय चुकलं' हे शोधत गेली, आणि उत्तर माझ्याकडे होतं. मी त्या वेळी चार बसथांबे पलीकडे बसून दुसरं काहीतरी कापत होते.

"तुम्ही रागवा माझ्यावर," मी म्हटलं.

"रागवायला नंतर वेळ काढीन," ते म्हणाले. "आधी एक काम करा. माझी नोंद जाऊ दे. लेकीला मी समजावतो, तिचा हट्ट आहे तो. पण बाईंची नोंद आहे ना तिथे? लेकीने दाखवली होती, मी तेव्हा रागाने बंद केली. त्यांच्या नोंदीत लिहा की त्यांनी श्रेय घेतलं नव्हतं. त्यांनी माझं नाव सांगितलं होतं. एवढं एकच वाक्य."

मला तिथेच माहीत होतं की हे होणार नाही. एका म्हातारीच्या आठवणीवर वाक्य टिकत नाही. मी स्वतः असं वाक्य पाच मिनिटं टिकू दिलं नसतं. त्यांच्याकडे बघून ते मला म्हणवेना.

"लिहिते," मी म्हटलं.

घरी येऊन आधी चर्चेत लिहिलं. सगळं लिहिलं, कापलेल्या ओळींसकट, आणि म्हटलं की या विषयात माझा संबंध आहे, म्हणून मी मत मागे घेते. भांडारपालांविषयी जे बोलले त्याची लेकीकडे माफी मागितली. दाताच्या डॉक्टरने खाली लिहिलं, 'ताईंच्या प्रामाणिकपणाला नमस्कार. परंतु हा छापील संदर्भ नव्हे. काढा.' बरोबरच होतं त्याचं. सोमवारी नोंद गेली.

मग त्या डॉक्टरांच्या नोंदीत मी एक वाक्य लिहिलं. 'त्यांनी "रांग"चे श्रेय जाहीरपणे रक्तपेढीच्या भांडारपालांना दिले होते.' जाहीरपणे हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. जाहीर होऊ कोणी दिलं नव्हतं? चाळीस मिनिटांनी बघितलं तर वाक्य नव्हतं. जागी दाताच्या डॉक्टरची टीप होती, दोन शब्दांची. 'संदर्भ नाही.'

मी ते परत घातलं नाही. घातलं असतं तर त्याने परत काढलं असतं, आणि काढायलाच हवं होतं. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलं हे. यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुधाची पिशवी स्वतःच कापायला घेतली.

महिना संपला. पुढच्या आठवड्यात फोन आला. भांडारपाल बोलत होते. आता नुसतेच काका, भांडार सुटलं होतं.

"निरोपाचं जेवण झालं, ताई," ते म्हणाले. "पडदा-बिडदा काही नव्हता. मी उभा राहिलो आणि बाईंचे ते शब्द सगळ्यांना सांगितले. फ्रिजच्या दारापासून. मेहुणा म्हणाला, हे छापून आलंय का कुठे?"

"मग?"

"मग काही नाही. हसले सगळे. मीही हसलो." मग म्हणाले, "आज लेकीकडून बाईंचं पान उघडून घेतलं. खालपासून वरपर्यंत वाचलं. ते वाक्य दिसत नाहीये."

"काढलं ते," मी म्हटलं.

"कोणी?" आणि मग चेष्टेच्या सुरात, मला बरं वाटावं म्हणून असेल, "पुन्हा तुम्हीच का?"

दाताच्या डॉक्टरचं नाव सांगणं सोपं होतं. पण ते दोन शब्द त्याला मी शिकवले होते.

"हो," मी म्हटलं. "मीच."